आधी बहिणीला विचारायचं

नोटीस पोचून सव्वीस दिवस झाले होते. रविवारी सकाळी सत्यभामेचा फोन आला.

"अरुण, आज येऊन राहिली मी. ऐश्वर्या पण आहे सोबत. जेवणाचं काही करू नका, नुसतं बोलाचं आहे."

"ये ना ताई," अरुणकुमार म्हणाला, आणि फोन ठेवून बराच वेळ तिथेच उभा राहिला.

नोटीस त्यानेच पाठवली होती, रजिस्टर पोस्टाने, स्वतःच्या बहिणीला. भिलाईतल्या त्याच्या सुपेल्यापासून दुर्गला बहिणीचं मोहन नगर स्कूटरवर अर्ध्या तासाचं अंतर, पण वकील म्हणाला होता, तोंडी चालणार नाही. करारनाम्यात तसं स्पष्ट लिहिलं होतं : मकान बेचने का विचार हो तो सर्वप्रथम बहन सत्यभामा को लिखित सूचना देकर पूछा जाएगा. बाहेरच्या गिऱ्हाइकाने देऊ केलेली किंमत त्या सूचनेत लिहायची. बहिणीने साठ दिवसांत त्याच किमतीला घर घेतलं तर तिचं. तिने लेखी नाही म्हटलं, किंवा साठ दिवस उलटले, तर मग भावाने बाहेर विकावं. आणि तेही त्या किमतीपेक्षा कमीत नाही. कमीत विकायचं झालं तर पुन्हा आधी बहिणीला विचारायचं.

बारा वर्षांपूर्वी हा कागद झाला तेव्हा घरात सगळे हसले होते. कमलिनीच्या, अरुणकुमारच्या बायकोच्या, हृदयाची झडप बदलायची होती. तो एका खाजगी कारखान्यात स्टोअरकीपर, भिलाईच्या पोलाद प्लांटवाल्यांसारखा दवाखाना फुकट नव्हता. बँक घरावर कर्ज द्यायला तयार होती, पण घर वडिलांचं, देवराव लांजेवारांचं, आणि ते गेल्यावर भाऊ-बहीण दोघांच्या नावावर. बँकेला एकच नाव हवं होतं. सत्यभामा सुट्टी टाकून आली, दुर्गच्या रजिस्ट्री ऑफिसात बसली, आणि आपला अर्धा हिस्सा भावाच्या नावाने सोडून दिला. पैसा घेतला नाही. मागितला तो एवढा एक कागद. वकीलही हसला होता, "दीदी, बस इतना ही?"

कमलिनीचं ऑपरेशन नागपूरला झालं. ती वाचली. कागद कपाटात गेला आणि अरुणकुमार तो खरंच विसरला.

आता पीयूषने, त्याच्या मुलाने, हैदराबादला फ्लॅट घेतला होता. त्याला दीड वर्षाची मुलगी होती. आई-बाबांनी इथलं घर विकून तिकडेच यावं असं त्याचं म्हणणं, आणि कमलिनीचा जीवही नातीत अडकलेला. गिऱ्हाईक घरामागेच सापडलं. भैयालाल साहू, मोटर वाइंडिंगवाला, त्याला वर्कशॉप वाढवायचं होतं. वकिलाने जुने कागद मागितले तेव्हा हा करारनामा वर आला.

अरुणकुमारने खिडकीतून बाहेर पाहिलं. छत्तीस वर्षं त्याने स्टोअरमध्ये माल मोजून दिला होता आणि एकाही चुकीच्या चलनावर सही केली नव्हती. नोटिशीवरची सही मात्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"पप्पा, टेन्शन मत लो," पीयूष मागून म्हणाला. तो आठ दिवसांच्या रजेवर आला होता. "आत्या नाही म्हणायलाच येऊन राहिली असेल. एवढे पैसे कुठून आणेल ती?"

अरुणकुमार खुर्च्या सरळ करायला लागला.

*

पीयूषचा अंदाज बरोबर होता. सत्यभामेच्या पर्समध्ये नकाराचं पत्र होतं, सही करायची तेवढी बाकी.

स्कूटर ऐश्वर्या चालवत होती. चौतीस वर्षांची, भिलाईच्या एका खाजगी दवाखान्यात डायलिसिस टेक्निशियन. आई मागे बसली होती आणि आज एकदाही "हळू चालव" म्हणाली नव्हती. ऐश्वर्याला ते टोचत होतं.

नोटीस आली त्या दिवसापासून आई बँकेच्या चकरा मारत होती. तिने ऐश्वर्याला आधी काही सांगितलं नाही. मग एक दिवस फॉर्म समोर ठेवला. बँक म्हणाली होती, त्रेसष्ट वर्षांच्या पेन्शनर बाईला एकटीला एवढं कर्ज मिळणार नाही, मुलीने मुख्य कर्जदार व्हावं. रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त होताना मिळालेले पैसे, शिल्लक आणि मुलीच्या पगारावरचं कर्ज धरून जेमतेम बासष्ट लाखांपर्यंत मजल जात होती. नोटिशीत किंमत लिहिली होती बहात्तर लाख.

"बहात्तर होतच नाई, आई," ऐश्वर्या तेव्हा म्हणाली होती. "अन् झालं असतं तरी मी वीस वर्षं हप्ते भरत बसू का? मले नागपूरले नोकरीचं विचारून राहिले. उद्या जायचं झालं तं?"

"बरं," आई म्हणाली होती. फॉर्म घडी करून तिने बाजूला ठेवला. त्यानंतर तो विषय निघाला नाही. ऐश्वर्याने बहात्तरच्या आकड्याला मनातून धन्यवाद दिले होते. त्या आकड्यामुळे तिला "मी सही करणार नाही" हे वाक्य आईसमोर पूर्ण बोलावं लागलं नव्हतं.

सुपेल्याच्या चौकात गर्दी होती. हातगाड्या, ऑटो, लोखंडी पत्रे लादलेला छोटा हत्ती. सिग्नलला थांबल्यावर आई मागून म्हणाली, "मामाले काही बोलू नको हं. त्यानं बरोबर विचारलं. लिहून विचारलं. आपल्याच्यानं झालं नाई."

*

कमलिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा पत्र टीपॉयवर उघडलं गेलं होतं.

"भैयालाल एवढे देऊन राहिला?" सत्यभामा चष्मा लावत म्हणाली. "देऊ दे बापा. बाबानं बांधलं तवा लोक म्हणत, सुपेल्याच्या चिखलात कावून पैसा घालून राहिले देवरावजी."

"एरिया डेव्हलप झाला ना आत्या," पीयूष म्हणाला. त्याने खिशातून पेन काढून पुढे केलं. "तू इथं साइन कर. खाली तारीख टाक. बस, हो गया."

कमलिनीने कप ठेवले. अरुणकुमार जमिनीकडे पाहत होता. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्याचं असं बसणं तिला पाठ होतं.

महिन्यापूर्वी भैयालाल याच खोलीत बसला होता. तिनेच त्याला चहा दिला होता. तो गेल्यावर बाप-लेकात फोनवर, स्पीकर लावून बोलणं झालं ते तिने स्वयंपाकघरातून ऐकलं. पीयूष म्हणाला, आत्याने घेते म्हटलं तर बँक, कागद, दोन-तीन महिने, आणि शेवटी पैसे उभे राहिले नाहीत तर भैयालालही हातचा जाईल. त्यापेक्षा आकडा थोडा वर लिहू, ती आपणच नाही म्हणेल, कोणाचं मन दुखणार नाही. अरुण "नाही" म्हणाला. मग "बघू" म्हणाला. मग त्याने सही केली. ती मध्ये पडली नाही. कारण तिलाही जायचं होतं. व्हिडिओ कॉलवर नात स्क्रीनला तोंड लावायची तेव्हा हिच्या छातीत, त्या बदललेल्या झडपेपाशी, काहीतरी हलायचं.

सत्यभामेने पेनचं टोपण काढलं.

"ताई," कमलिनी म्हणाली, "सही नका करू."

सगळ्यांनी वर पाहिलं.

"भैयालाल एकसष्ट बोलला होता. बहात्तर नाई. ह्याच खुर्चीवर बसून बोलला."

"मम्मी!" पीयूष उठला.

"बस खाली. मी बोलून राहिली." तिने रिकामा ट्रे भिंतीला टेकवून ठेवला. "माझ्यासाठी ह्यायनं हिस्सा सोडला. मी नागपूरले पलंगावर पडून होती, अन् ह्या रजिस्ट्री ऑफिसात बसून होत्या. ह्यायले खोटा आकडा दाखवून घर विकाचं, अन् तो पैसा घेऊन तिकडं मी नातीले खेळवू? माझ्याच्यानं नाई होत."

सत्यभामेने पेन खाली ठेवलं. ती भावाकडे वळली.

"अरुण, नोटिशीवर सही तुझी आहे का?"

"माझी आहे."

"वाचून केली?"

त्याने मान वर केली. डोळे लाल झाले होते. "वाचून केली, ताई."

सत्यभामेने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. ती रडली असती, ओरडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

"शर्म नहीं आई, भैया?" ऐश्वर्या पीयूषवर तुटून पडली. "सव्वीस दिवस ही बाई बँकेत जाऊन राहिली. तिथला प्यून ओळखाले लागला हिले. रोज येऊन कागदावर आकडे मांडे, अन् खोडून टाके. दहा-अकरा लाख कमी पडून राहिले म्हणून तिनं कानातलं पण मोजलं."

"मी काय चोरी केली का?" पीयूषचा चेहरा उतरला होता. "मला वाटलं, आत्याला नाही म्हणायची लाज नको वाटायला. आकडा मोठा असला की माणूस सहज नाही म्हणतो. इन लोगों को अकेला कब तक छोडूं यहां? मागच्या वर्षी मम्मी बाथरूममध्ये पडली, मला दुसऱ्या दिवशी कळलं. भैयालाल गया तो फिर सालभर ग्राहक नहीं मिलेगा."

"तं तसं सांगाचं होतं," सत्यभामा पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. आवाज शांत होता. "आत्या, आमाले घाई आहे, असं म्हणाचं होतं. मी काय ऐकलं नसतं? तू विचाराच्या आधीच माझं उत्तर लिहून टाकलं, पीयूष."

पीयूषने पेनला टोपण लावलं. तो बसला.

"अन् हे टिकलंही नसतं," ऐश्वर्या करारनाम्याची झेरॉक्स उलटत म्हणाली. "तिनं बहात्तरले नाही म्हटलं अन् तुम्ही एकसष्टले विकलं, तं रजिस्ट्रीत दिसलंच असतं. कमी किमतीत विकाचं तं परत आधी तिलेच विचाराचं. लिहिलं आहे इथं."

अरुणकुमार उठला. कपाटातून कोरा कागद आणला, टीपॉयवर ठेवला, आणि उभ्यानेच वाकून लिहायला लागला. मागची सूचना चुकीची होती, ती रद्द समजावी. भैयालाल साहू यांनी देऊ केलेली किंमत एकसष्ट लाख. आजपासून साठ दिवस. खाली सही, तारीख. मग त्याने कागद बहिणीच्या हातात दिला.

"उद्या पोस्टानं पण पाठवतो," तो म्हणाला. "ताई, मी..."

"राहू दे," ती म्हणाली. "आता नको बोलू. मले राग आहे अजून. तो जाईल तवा बोलू."

"पप्पा, भैयालाल थांबणार नाही साठ दिवस," पीयूष हळूच म्हणाला.

"तं नाई थांबणार," कमलिनी म्हणाली. "दुसरा भेटल."

अरुणकुमारने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे यंत्रांचा आवाज होता. त्याने काहीही न लपवता सांगितलं : बहिणीचा पहिला हक्क आहे, दोन महिने लागतील, तुम्हाला थांबायचं नसेल तर तसं सांगा.

भैयालालने मागचं यंत्र बंद करायला लावलं. मग म्हणाला, "घर के बेटी लेवत हे त बने बात आय, भैया. दू महीना मैं रुक जाहूं. दीदी नइ लेही, त मैं तो हंवच."

घरची लेक घेत असेल तर चांगलंच, दोन महिने तो थांबायला तयार होता. फोन बंद झाला. पीयूषने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि आईने ठेवलेला थंड चहा एका घोटात संपवला.

*

ऐश्वर्याने आईला मागच्या अंगणात गाठलं. सत्यभामा नळाखाली हात-तोंड धूत होती. भिंतीपलीकडून भैयालालच्या वर्कशॉपची घरघर ऐकू येत होती.

"आई, एक विचारू? तुले हे घर कावून पाह्यजे? तू तं इथं कधी राहिलीच नाई. तुझं लग्न झालं तवा आजोबा किरायाच्या घरात होते ना?"

"म्हणूनच पाह्यजे." सत्यभामेने पदराने तोंड पुसलं. "मी गेली अन् मंग हे बांधलं. मी इथं आली तं बॅग घेऊन आली, चार दिवस राहिली, बॅग घेऊन गेली. नांदली ते क्वार्टर रेल्वेचं. आता खोल्या घरमालकाच्या. त्रेसष्ट वर्षांची झाली, भिंतीले खिळा ठोकाचा तं कोणाले तरी विचारावं लागते." ती जरा हसली. "हे घरच पाह्यजे असंही नाई. पण दुसऱ्या कोण्या घरावर माझा हक्क आहे, सांग? ह्याच्यावर आहे. लिहून घेतला होता मी."

"मले वाटलं, तुले आजोबांची आठवण वगैरे..."

"आठवण मोहन नगरात बसूनही येते."

ऐश्वर्या नळाच्या कट्ट्यावर बसली. वर पाहिलं. वरच्या मजल्याला वेगळा जिना होता, दोन खोल्या, एक संडास-बाथरूम, सगळं बरीच वर्षं बंद.

"तुले नागपूरले जाचं तं जा," आई म्हणाली. "मी तुले बांधून ठेवाले घर नाई मागत. तुझी सही जबरदस्तीनं घेऊन मी काय करू? ते अन् हे सारखंच होईल." तिने आतल्या खोलीकडे हात केला.

हे "सारखंच" ऐश्वर्याच्या डोक्यात राहिलं. आकडा खोटा निघाला तेव्हा तिने भावाची लाज काढली होती. पण त्याच आकड्याच्या आड सव्वीस दिवस तीही लपली होती. आईला सरळ हो किंवा नाही म्हणायची हिंमत तिनेही केली नव्हती.

"आमच्या युनिटमध्ये तीन सिस्टर रूम शोधून राहिल्या," ती अखेर म्हणाली. "जशपूरच्या पोरी आहेत. एकट्या मुलींना कोणी खोली देत नाई, दिली तं सतरा अटी. वरचं साफ केलं, रंग दिला, तं हप्त्यातला बराचसा भाग तिथूनच निघल. मंग मी नागपूरले गेली काय अन् राहिली काय, तू अडत नाई."

सत्यभामा तिच्याकडे पाहतच राहिली.

"असं नको पाहू. फॉर्म कुठं ठेवला तू?"

"पर्समधीच आहे," आई म्हणाली. "टाकाची हिंमत झाली नाई."

*

बँकेने कागद दोनदा परत पाठवले. एकदा ऐश्वर्याच्या पगाराच्या पावतीवर शिक्का नव्हता, एकदा देवरावांच्या मृत्यूच्या दाखल्यातलं आडनाव जुळत नव्हतं. दुसऱ्या वेळी अरुणकुमार स्वतः पालिकेत जाऊन तीन दिवस बसला आणि दुरुस्त दाखला घेऊन मोहन नगरला गेला. दार सत्यभामेने उघडलं. तिने दाखला वाचला, त्याला पाणी दिलं, आणि म्हणाली, "जेवून जा." त्यानंतर त्या विषयावर दोघांत बोलणं झालं नाही, पण तो जेवला, आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

त्रेपन्नाव्या दिवशी कर्ज मंजूर झालं. रजिस्ट्रीला पीयूष हैदराबादहून आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. साक्षीदाराच्या रकान्यात सही करायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "आत्या, मी केली तर चालेल?"

"वाचून कर," सत्यभामा म्हणाली.

तो खरंच वाचत बसला, सगळी पानं, पहिल्यापासून. ऑफिसातला बाबू कंटाळून खिडकीबाहेर पाहू लागला. मग पीयूषने सही केली आणि वाकून आत्याला नमस्कार केला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरातच.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात अरुणकुमार आणि कमलिनीचं सामान ट्रकमध्ये चढलं. वर जशपूरच्या पोरी राहायला आल्या होत्या, त्यांच्या ओढण्या गच्चीत वाळत होत्या. कमलिनी त्यांना पाणी कधी येतं ते सांगत होती. खाली अरुणकुमार बहिणीला घेऊन घरभर फिरला. मेन स्विच कुठे, टाकीचा कॉक कोणत्या बाजूला फिरवायचा, मागचं दार पावसात फुगतं तेव्हा खालून कसं उचलायचं. सत्यभामा प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हाताने करून बघत होती. चाळीस वर्षं ती या घरात येत होती आणि यातलं काही तिला माहीत नव्हतं.

मोटरपाशी तो थांबला. "आधी हे वरचं बटन दाब, मंग हे. उलटं केलं तं गरम होते."

तिने वरचं बटण दाबलं, मग खालचं. मोटर सुरू झाली. टाकीत पाणी पडायला लागलं, आणि दोघं ते ऐकत उभी राहिली.

"ताई," तो म्हणाला, "राग गेला का?"

"थोडा आहे." तिने मोटर बंद केली. "दिवाळीले किती दिवस राहिले?"

"सतरा-अठरा."

"माझ्या दोन खोल्यांत जागा नव्हती, तं दरवर्षी भाऊबीजेले मीच ताट घेऊन इकडं येत होती. लोक भावाले बहिणीच्या घरी पाठवतात." तिने पदर खोचला आणि त्याच्यापुढे चालत मोठ्या खोलीत गेली. "यंदा तू येजो. कमलिनीले घेऊन येजो, पोरीले पण आणजो. तिकीट आत्ताच काढ, मंग भेटत नाई गाडीत जागा. छत्तीस वर्षं तिकिटाच्या खिडकीत बसली मी, मले माहीत आहे."

अरुणकुमारने तिथेच उभ्याने फोन काढला आणि तारीख शोधायला लागला.